फिनिक्सला थोडी सुट्टी द्या

प्रश्न : सर नमस्कार, मी परभणी जिल्ह्यात ज्युनिअर कॉलेजला इंग्रजी शिकवते. आमच्याकडं कुणी पण गेस्ट लेक्चरला आलं की ग्रीक पुराणातलं तेच, इकारस उडाला अन् पडला, सिसिफसचा दगड, अकिलीसची टाच, आणि निकाल लागला की पेपरात फिनिक्सभरारी ठरलेली. पोरं तर आता नाव काढलं की आधीच तात्पर्य सांगायलेत. हे बंदच करावं का? मग सांगावं काय?

उत्तर : मॅडम, बंद कशाला, आधी पूर्ण तरी सांगा की. गोष्ट कुणी सांगतच नाही, नाव घ्यायचं अन् तात्पर्यावर उडी मारायची. मेणानं चिकटवलेले पंख लावून उडणाऱ्या इकारसला बाप म्हणाला होता लई वर जाऊ नको, सूर्यानं मेण वितळेल, हे सगळे सांगतात, पण लई खालून पण उडू नको, समुद्राच्या पाण्यानं पंख जड होतील, हे पण म्हणाला होता, ते कुठं जातं देव जाणे. आणि खरी मजा पुढं आहे. रोमन कवी ओव्हिडच्या मेटामॉर्फोसिस या काव्याच्या 8व्या भागात बाप डीडलस पोराला पुरायला लागतो तर बाजूला एक तितर पंख फडफडवून खूश होतंय. हे तितर म्हणजे त्याचाच भाचा. बहिणीनं 12 वर्षांचं पोरगं मामाकडं शिकायला पाठवलं, त्यानं माशाचा काटा बघून करवत काढली, मामाला ते सहन झालं नाही, अन् दिलं गडावरून ढकलून, अथेना देवीनं मधल्यामधी त्याचा पक्षी केला म्हणून वाचलं. ही गोष्ट शिक्षकांच्या ट्रेनिंगला सांगायला पाहिजे, पण कोण सांगणार!

राखेतून पुन्हा उठणाऱ्या फिनिक्स पक्ष्याचं पण तसंच. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस इसवी सनापूर्वी 5व्या शतकातला, तो सरळ लिहितो की हा पक्षी मी फक्त चित्रात बघितलाय, लोक म्हणतात 500 वर्षांनी एकदा येतो, मेलेल्या बापाला गंधरसाच्या गोळ्यात भरून अरबस्तानातून इजिप्तला सूर्याच्या देवळात आणतो. त्यात राख नाहीच, ती नंतरच्यांनी घातली. आता लावा हे 90 टक्केवाल्याला.

आपलं पाहिजे असेल तर रामायणातला संपाती आहे ना. तो पण सूर्याकडं गेला, पण पंख जळाले ते धाकट्या भावावर, जटायूवर, सावली धरली म्हणून. इकारसशेजारी ठेवा, पोरं आपोआप भांडायला लागतील. शिवाय तुमच्या गंगाखेडवरून जाणारी गोदावरी वर पैठणला जिथं आहे तिथल्या सातवाहन राजाकडचा गोष्टी लिहिणारा गुणाढ्य पण आहे. पैशाची नावाच्या जुन्या भाषेतला त्याचा ग्रंथ राजानं नाकारला, तर हा जंगलात जनावरांना वाचून दाखवत एकेक पान जाळत बसला, 7 लाख श्लोकांतले 6 लाख गेले म्हणतात. फक्त आपलं म्हणून लगेच रोज एकलव्य चालू करू नका, त्याचे पण हाल काही कमी नाहीत.

आणि पुढच्या पाहुण्याला आधीच फोन करून सांगा, इकारस आमच्याकडं होऊन गेलाय.