वाचक विचारतात: जुन्या व्हर्मिंट रायफली (उपद्रवी छोटे प्राणी मारायच्या)

प्रश्न: अमेरिकेत असतो, वुडचकसाठी (बिळात राहणारा खारीच्या जातीचा प्राणी) जुनी रेमिंग्टन ७२२ घेतलीय, २२२ रेमिंग्टन काडतुसाची. ६९ ग्रेनच्या (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) गोळ्या १०० यार्डावर कागदाला आडव्या लागतात, भोकं लांबट पडतात. नळी गेली का?

उत्तर: नळीला काही झालं नसणार, गोळी चुकीची आहे. गोळी जितकी लांब तितकी तिला जास्त फिरकी लागते (वजनापेक्षा लांबी बघायची असते, हे बरेचजण विसरतात), आणि तुमच्या रायफलीचे आटे (नळीतले गोळीला फिरकी देणारे खाचे) १४ इंचात एक फेरा देतात, कारण १९५० साली माइक वॉकरचं हे काडतूस बाजारात आलं तेव्हा हिशोब ५० ग्रेनच्या आखूड गोळीचा होता. पण पुस्तकातल्या आकड्यावर विसंबू नका, मधल्या काळात कुणी नळी बदलली असेल तर काय घ्या. स्वतः मोजा. बोल्ट (नळी मागून बंद करणारा दांडा) काढा, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रिकामं आहे ना बघा, हँडल मोकळं फिरणारा क्लिनिंग रॉड घ्या, त्याला घट्ट पॅच (कापडाचा तुकडा) लावून मागून नळीत घाला आणि रॉडवर चिकटपट्टीचा छोटा झेंडा लावा. झेंडा वर असताना रॉडवर एक खूण करा, मग सावकाश ढकलत राहा, झेंडा पूर्ण फिरून परत वर आला की दुसरी खूण, मधले इंच म्हणजे तुमचा ट्विस्ट. १४ आला तर ५० ते ५५ ग्रेनवर या, भोकं गोल पडतील.

आणि हे फक्त तुमच्याच बाबतीत झालंय असं नाही हं. १९५५ साली रेमिंग्टनने २४४ काडतुसाची रायफल काढली ती १२ इंचाच्या ट्विस्टने, विंचेस्टरने त्याच वर्षी २४३ काढली १० इंचाच्या, म्हणजे तिच्यात १०० ग्रेनची गोळी चालायची, लोकांना एकाच रायफलीत वुडचक आणि हरीण दोन्ही हवं होतं, त्यामुळे २४४ मागे पडली. माझ्या मते व्हर्मिंटसाठी २४४ मध्ये काहीच कमी नव्हतं.

प्रश्न: १९६४ च्या आधीची विंचेस्टर मॉडेल ७० मिळतेय, २२० स्विफ्टमध्ये, सगळी ओरिजिनल, पण थ्रोट (चेंबरच्या पुढे आटे सुरू होतात तो भाग) जळलाय म्हणतात. घेऊन नवी नळी टाकू का?

उत्तर: आधी ठरवा, कपाटात ठेवायचीय की मारायचीय. स्विफ्ट १९३५ ची, ४८ ग्रेनची गोळी सेकंदाला ४००० फुटांच्या वर पळवते, एवढी दारू एवढ्या बारीक भोकातून जाते म्हटल्यावर थ्रोट जळणारच. पण लोकांचं "म्हणणं" सोडा, बोअरस्कोप (नळीत आत बघायची बारीक दुर्बीण) घालून बघा आणि शक्य असेल तर ५-५ गोळ्यांचे दोन-तीन ग्रुप मारून बघा, जळका दिसणारा थ्रोटसुद्धा कधीकधी मस्त ग्रुप देतो. खरंच ओरिजिनल असेल तर हात लावू नका, जुन्या मॉडेल ७० ला भाव आहे तो त्या लांब एक्स्ट्रॅक्टरच्या (काडतूस बाहेर ओढणाऱ्या आकड्याच्या) अ‍ॅक्शनसाठी आणि ती जशीच्या तशी असण्यासाठी. मात्र रिसीव्हरला (नळी जिथे बसते त्या सांगाड्याला) जादा भोकं पाडलेली किंवा स्टॉक कापलेला निघाला तर कलेक्टर तसाही नाक मुरडणार, मग बिनधास्त नळी बदला, फक्त बदलणाऱ्याकडून हेडस्पेस (बोल्ट आणि चेंबरमध्ये काडतुसाला मिळणारी जागा) गेजने तपासून घ्या आणि जुनी नळी तेल लावून सिरियल नंबरची चिठ्ठी बांधून ठेवा. विकताना ती लागते. आणि मारताना दोन-तीन गोळ्यांनंतर नळी गार होऊ द्या, प्रेअरी डॉगच्या (बिळात राहणारा छोटा प्राणी) वस्तीवर हे कुणी पाळत नाही आणि मग थ्रोटच्या नावाने रडतात.

प्रश्न: जुना लांबलचक उनर्टल कंपनीचा स्कोप (रायफलीवरची दुर्बीण) दर गोळीला पुढे सरकतो. माउंट सैल आहे का?

उत्तर: नाही हो, तो तसाच बनवलाय. रायफल मागे येते, स्कोप जागच्या जागी राहतो म्हणून पुढे गेल्यासारखा दिसतो, धक्का काचांना बसत नाही. प्रत्येक गोळीनंतर हाताने मागे ओढायचा, किंवा नळकांड्यावर परत आणणारी स्प्रिंग आहे का बघा, काहींना असते. अ‍ॅडजस्टमेंट मागच्या माउंटमध्ये आहे, तो कसून आवळत बसू नका.