टॉवरात राहायला जाताना

गेल्या महिन्यात या सदरात नॉर्फकमधल्या जुन्या विमानतळावरच्या एका पडक्या कंट्रोल टॉवरचं घर करण्याच्या कामाबद्दल दोनच ओळी लिहिल्या होत्या. त्यावर इतकी पत्रं आली की आजचं सदर त्यांनाच दिलंय : आधी पत्र, खाली माझं उत्तर. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या पूर्वेकडच्या सपाट शेतजमिनीत शेकडो विमानतळ उभे राहिले. धावपट्ट्या बहुतेक उखडल्या गेल्या, टॉवर मात्र बरेच अजून उभे आहेत.

आम्ही नॉरिचजवळ राहतो. एका शेतकऱ्याच्या बीटच्या शेतात दोन मजली टॉवर आहे. खिडक्या गेल्यात, आत कबुतरं आहेत. तो विकायला तयार आहे आणि किंमत ऐकून आम्ही हुरळलोय. सुरुवात कुठून करावी?

हुरळा, पण इसार देऊ नका. आधी बघा तिथवर जायचं कसं. तुम्ही बहुधा विमानतळाच्या जुन्या परिघ-रस्त्यावरून गाडी नेली असेल. तो रस्ता आज तीन-चार मालकांत वाटलेला असू शकतो. येण्या-जाण्याचा हक्क खरेदीखतात आहे का, बांधकामाचे ट्रक त्यात बसतात का आणि दुरुस्ती कोणी करायची, हे वकिलाकडून लेखी घ्या. शेतकरी भला माणूस असेलही, पण त्याच्या मुलाचं काय?

दुसरी गोष्ट परवानगीची. इंग्लंडमध्ये शेतीच्या इमारतीचं घर करायला ‘क्लास क्यू’ नावाची सोपी वाट आहे, म्हणून दलाल ते नाव सारखं घेतात. २०२४ पर्यंत ती वाट खरोखर शेतीसाठी वापरलेल्या इमारतींपुरतीच होती, आता तुमच्या टॉवरला ती लागू पडते का ते आधी तपासा. नुसती कबुतरं राहिली म्हणजे शेती होत नाही. टॉवर संरक्षित वारसा-वास्तूंच्या यादीत असेल तर ही वाट बंदच; मग पूर्ण नियोजन परवानगी आणि वर वारसा-वास्तूची वेगळी संमती. त्या संमतीशिवाय जुनी खिडकी काढली तरी तो फौजदारी गुन्हा आहे. म्हणून करारातच अट घाला : परवानगी मिळाली तरच खरेदी.

वटवाघळांचं थोडक्यात. ती असली तर सर्वेक्षण आणि परवाना लागतो, आणि ती संध्याकाळी बाहेर पडताना मोजायचा हंगाम मे ते सप्टेंबर. ऑक्टोबरात जाग आली तर वर्ष गेलं.

आणि एक चांगली बातमी : राहण्यासाठी कधीच न वापरलेल्या इमारतीचं घर करताना नोंदणीकृत ठेकेदार व्हॅट २० ऐवजी ५ टक्के लावू शकतो. तो भरलेला व्हॅट स्वतः घर करणाऱ्याला परतही मागता येतो. दावा एकदाच करता येतो, काम संपल्यापासून सहा महिन्यांत. पावत्या जपा.

लिंकनशरमधला टॉवर घेऊन दीड वर्ष झालं. पहिल्याच हिवाळ्यात वरच्या खोलीच्या छताच्या कडेला काळी बुरशी आली. ठेकेदार म्हणतो, गच्ची गळतेय. वॉटरप्रूफिंग दोनदा केलं, फरक नाही.

ठेकेदाराला तिसरे पैसे देऊ नका. तुम्ही पाठवलेल्या फोटोत बुरशी पट्ट्यासारखी आहे, छत आणि भिंत जिथे मिळतात तिथेच, आणि सज्ज्याच्या पातळीवर पुन्हा. गळती अशी पट्टी पकडून बसत नाही. हे पाणी वरून येत नाही, तुमच्या स्वयंपाकघरातून येतंय.

युद्धकाळात सगळ्यात जास्त वापरला गेलेला टॉवरचा आराखडा १२७७९/४१. तिरक्या रेघेपुढचा आकडा वर्षाचा, १९४१. विटांच्या भिंती, बाहेरून सिमेंटचा गिलावा, वर सपाट काँक्रीटचा स्लॅब आणि त्यावर डांबरी थर. पहिल्या मजल्याच्या काँक्रीट स्लॅबचा भाग भिंतीबाहेर येऊन सज्जा होतो, ज्यावर उभं राहून अधिकारी परतणारी विमानं मोजत. तो सज्जा रात्रभर गारठतो आणि तीच थंडी काँक्रीटमधून सरळ आत चालत येते. आत कुकरच्या चार शिट्ट्या, आंघोळीची वाफ, दांडीवर वाळत घातलेले कपडे. ती दमट हवा त्या थंड पट्ट्यावर जाऊन घामेजते. युद्धात या खोल्यांत कोणी कपडे वाळवत नव्हतं.

उपाय असा. गच्चीवर उष्णतारोधक थर स्लॅबच्या वरून टाका, आतून छताला चिकटवू नका. स्लॅब घराच्या बाजूला, उबेत राहिला पाहिजे. टॉवर यादीत नसेल तर भिंतींनाही बाहेरून पांघरूण घाला, सज्ज्याच्या वर-खाली दोन्हीकडे. यादीत असेल तर आतूनच करावं लागेल. तिथे ओल श्वासासारखी येऊ-जाऊ देणारं साहित्य हवं आणि त्यावर चुन्याचा गिलावा. ओलावा ओढून बाहेर टाकणारी, पण उष्णता मागे ठेवणारी वायुवीजन यंत्रणा यादीत असो-नसो, बसवाच. आमच्या लोकांना पंख्याचा आवाज आवडत नाही, रात्री बंद करतात, आणि मार्चमध्ये मला फोन करतात.

माझ्या पहिल्या टॉवरात मी स्वतः घाई केली होती. भिंती पुरत्या वाळायच्या आत आतून पॅनेल ठोकली. पुढच्या वसंतात मालकीणबाईंनी कपाट सरकवलं तेव्हा मागचं पॅनेल पापडासारखं वाकलेलं होतं. दोन खोल्यांची पॅनेल माझ्या खर्चाने काढली. ऐंशी वर्षं पावसात उभी असलेली भिंत तुमच्या वेळापत्रकाने वाळत नाही.

सज्ज्याच्या कठड्याचे लोखंडी खांबही तपासा. काँक्रीटमध्ये रुतलेलं टोक गंजून फुगतं आणि कडेचे पोपडे उडवतं. वरून रंग मारून हे थांबत नाही.

शेजारी म्हणतात जमिनीत बॉम्ब आहेत. घाबरवतायत का?

थोडेफार, पण निराधार नाही. १९४०-४१ मध्ये जर्मन उतरतील या भीतीने काही विमानतळांच्या जमिनीखाली स्फोटकं भरलेले लांब पाइप पुरले होते, वेळ आलीच तर धावपट्टी उडवून द्यायला. ली-ऑन-सोलंटला २००६ मध्ये असे पाइप सापडले. याहून शांतपणे त्रास देणारी गोष्ट म्हणजे किरणोत्सारी रेडियम. विमानातल्या, अंधारात चमकणाऱ्या तबकड्यांच्या रंगात ते असे, आणि भंगार विमानं जाळून पुरली गेली. स्कॉटलंडमधल्या डॅल्गेटी बे इथला किनारा त्यामुळेच दूषित झाला. शौचाचा टाका खणण्याआधी स्फोटकांचा आणि जमिनीचा अहवाल घ्या. ॲस्बेस्टॉसचे पत्रे स्वतः फोडू नका.

मी अंबरनाथचा. आमच्याकडे नेवाळीला ब्रिटिशांनी युद्धात धावपट्टीसाठी जमिनी घेतल्या, त्या अजून परत नाहीत. इंग्लंडच्या शेतकऱ्याकडे टॉवर परत आला कसा?

प्रश्न घर बांधण्याचा नाही, पण मला या गठ्ठ्यातला सर्वांत आवडलेला. तिथेही सहज आला नाही. डॉर्सेटमधल्या क्रिचेल डाउनची सुमारे ७२५ एकर जमीन युद्धाआधी बॉम्बफेकीच्या सरावासाठी सरकारने घेतली. युद्ध संपलं तरी ती मूळ कुटुंबाला न देता सरकारी खात्यांत फिरत राहिली. कुटुंब भांडलं, चौकशी झाली आणि १९५४ मध्ये कृषिमंत्री थॉमस डगडेल यांना राजीनामा द्यावा लागला. सरकारला नको झालेली जमीन आधी मूळ मालकाला देऊ करायची, हा नियम त्यातून आला आणि आजही क्रिचेल डाउनच्या नावाने ओळखला जातो. नेवाळीचे शेतकरी जून २०१७ मध्ये रस्त्यावर उतरले ते याच मागणीसाठी.

खालच्या खोलीत रंग खरवडताना भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेले आकडे आणि दोन नावं निघाली. ठेवावीत की झाकावीत?

आधी खरवडणी हातात असेल तर खाली ठेवा! आडव्या उजेडात, म्हणजे बॅटरी भिंतीला लावून, फोटो काढा. ओल्या फडक्याने पुसू नका. एका कामावर गिलावा करणाऱ्याने अशी भिंत दुपारच्या चहाआधी सपाट करून टाकली होती; मी पोचलो तेव्हा माल अजून ओला होता. तेवढा तुकडा उघडा ठेवून बाजूने गिलावा करता येतो, पुढे काच लावली तर मागे हवा खेळू द्या. कसं दिसतं ते बघायचं असेल तर नॉर्फकमधल्या थॉर्प ॲबट्सचा टॉवर बघून या. १९७७ पासून स्वयंसेवकांनी तो सावरलाय. आणि राहून बघायचं असेल तर नॉर्थ क्रीकचा, तिथे पाहुण्यांची सोय आहे.

सासूबाई विचारतात, एवढी मुलं त्या विमानतळावरून गेली आणि परतली नाहीत, तिथे राहायचं कसं? शिवाय मोठ्या खिडक्या नैर्ऋत्येला आहेत.

टॉवरच्या मोठ्या खिडक्या धावपट्टीकडे असतात. वास्तुशास्त्राला तिथे कोणी विचारलं नव्हतं. नैर्ऋत्येचा खरा त्रास उन्हाळ्यात दुपारी चारला कळेल, बाहेरून पडदे लावा. सासूबाईंना सांगा, वास्तुशांत जरूर करा. आणि त्यांची झोपायची खोली व न्हाणीघर तळमजल्यावर घ्या, जुन्या हवामान कचेरीत. वरचा जिना फार उभा आहे.