मुलीच्या कथेत क्लायमॅक्स नाही, क्लास लावू का?

प्रश्न : माझी मुलगी दहावीत आहे. तिला कथा लिहायची आवड आहे, पुढे लेखिका व्हायचं म्हणते. मी स्थापत्य अभियंता आहे. तिच्या लिखाणाला शिस्त यावी म्हणून मी तिला एक तक्ता करून दिला : पात्रपरिचय, स्थळ-काळ, संघर्ष, क्लायमॅक्स, शेवट, आणि प्रत्येकाला किती ओळी तेही. तिची वही रोज तपासतो. तरी शाळेच्या चाचणीत कथालेखनाला पाचपैकी दोनच गुण पडले. दिवाळीपासून तर तिने काही लिहिलेलंच नाही. कथेची रचना शिकवणारा एक ऑनलाइन क्लास लावावा का? तिच्या एका कथेचे फोटो सोबत पाठवत आहे.
– एक पालक, जि. सातारा

उत्तर : गुणांचं नंतर बघू. ‘वही रोज तपासतो’ हे वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात आणि पुढे दोनच वाक्यांनी लिहिलंत, दिवाळीपासून तिने काही लिहिलेलं नाही. या दोहोंचा एकमेकांशी संबंध असेल, अशी शंकाही तुम्हाला आलेली दिसत नाही. मला मात्र फोटो पाहताक्षणीच आली. पानभर लाल शाई आहे. समासात ‘क्लायमॅक्स कुठे?’, ‘नायक कोण?’ आणि शेवटी ठळक अक्षरांत ‘अपूर्ण. म्हैस विकली की नाही?’. पंधरा वर्षांच्या मुलीने खाजगीत लिहिलेली कथा बिलासारखी तपासली गेली, तर ती लिहिणं थांबवते किंवा लपवून लिहिते. तुमची मुलगी लपवून लिहीत असावी, अशी मी आशा करतो.

आता कथेकडे येतो, कारण ती चांगली आहे आणि हे तिला अजून कोणी सांगितलेलं नाही. आजोबांच्या औषधपाण्यासाठी म्हैस विकायची ठरली आहे. व्यापारी अंगणात येऊन बसलाय. नात गोठ्यातलं दावं लपवून ठेवते. दावंच नाही तर म्हैस नेणार कशी, हा तिचा हिशेब. सगळे शोधतात. आजी नातीकडे एकदा बघते, काही बोलत नाही, आत जाऊन जुनं लुगडं आणते आणि त्याच्या पट्ट्या फाडून पीळ घालायला बसते. इथे कथा संपते.

म्हैस विकली की नाही? विकली. आजीने लुगडं फाडलं तेव्हाच विकली. तुम्ही शोधत होतात तो क्लायमॅक्स तोच, फक्त त्यात कोणी ओरडलं नाही. नातीला म्हैस राहायला हवी आहे, घराला पैसा हवा आहे, दोघांचीही बाजू खरी आहे. हा झाला संघर्ष. नातीने काहीतरी केलं म्हणून आजीला काहीतरी करावं लागलं, हे झालं कथानक. नुसतं ‘व्यापारी आला, मग चहा झाला, मग म्हैस गेली’ एवढंच असतं, तर तो घटनाक्रम झाला असता. एकीतून दुसरी घटना उगवली पाहिजे, ती या कथेत उगवली आहे.

दोष आहेत, तेही सांगतो. पहिल्या दहा ओळी सूर्योदय, दवबिंदू आणि पाखरांची किलबिल यात गेल्या आहेत. त्या मुलीच्या नाहीतच, तुमच्या तक्त्यातल्या ‘स्थळ-काळ’ या रकान्याच्या आहेत. गोठा, शेणाचा वास, व्यापाऱ्याने खांबाला टेकून ठेवलेली काठी एवढ्यात स्थळ येऊन जातं, आणि ते तिने पुढे आणलंही आहे. दुसरा दोष निवेदनाचा. सगळी कथा नातीच्या नजरेतून चालली असताना मध्येच एका परिच्छेदात आपण व्यापाऱ्याच्या मनात शिरतो आणि त्याचा नफा-तोटा ऐकतो. तो परिच्छेद काढला तर व्यापारी आहे त्याहून भीतिदायक वाटेल. बाकी कथेला हात लावू नये.

तुमच्या तक्त्याबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो बऱ्याच शिक्षकांचाही आहे. आरंभ, चढण, कळस, उतरण, शेवट ही पाच टप्प्यांची आकृती बहुतांशी गुस्टाव फ्रायटाग या जर्मन लेखकाकडून येते. त्याने ती १८६३ साली मांडली, तीही ग्रीक शोकांतिका आणि शेक्सपिअरची नाटकं अभ्यासून. आपल्याकडे नाट्यशास्त्रात त्याच्या कितीतरी आधी मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श, निर्वहण असे पाच संधी, म्हणजे कथानकाचे टप्पे, सांगितले आहेत. दोन्ही मांडण्या नाटकाच्या आहेत. पाच पानांच्या कथेला त्या जशाच्या तशा लागू होतीलच असं नाही, आणि कुठल्या टप्प्याला किती ओळी द्यायच्या हे त्यातून मुळीच निघत नाही. तुमच्या भाषेत सांगायचं तर हा ॲज-बिल्ट ड्रॉइंगचा प्रकार आहे : काम उभं राहिल्यावर प्रत्यक्षात काय बांधलं गेलं ते दाखवणारा. तो हातात देऊन पाया खणायला सांगितलात, म्हणून दहा ओळींचा सूर्योदय आला. पहिला खर्डा पूर्ण झाल्यावर, कथा कुठे अडली ते कळेनासं झालं की तक्ता जरूर काढावा. पण तो तिने काढावा.

मालिकांच्या लेखनात मात्र आधी आराखडाच लागतो. तिथे कथा, पटकथा आणि संवाद अशी तीन वेगळी श्रेयं असतात आणि तिन्ही कामं अनेकदा वेगवेगळी माणसं करतात. पुढे ती त्या वाटेला गेली तर हे सगळं शिकेलच. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट-प्रशिक्षण संस्थेत पटकथालेखनाचा अभ्यासक्रम आहे, त्याला पदवी आणि प्रवेश परीक्षा लागते. दहावीत त्याची चिंता नको.

चाचणीतले दोन गुण? परीक्षेतलं कथालेखन हा निराळा व्यवहार आहे. दिलेले मुद्दे सगळे घ्यायचे, समर्पक शीर्षक द्यायचं, वेळेत संपवायचं. ते शिक्षकांकडून आठवडाभरात शिकून होईल. त्यावरून लेखिका ठरत नाही.

पोटापाण्याचं स्पष्ट सांगतो. नुसत्या मराठी कथांवर घर चालणं फार कठीण. जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवत, व्यंकटेश माडगूळकर पुणे आकाशवाणीत नोकरीला होते. तेव्हा तिने पदवी घ्यावी, हाताला एखादं कमाईचं काम असावं, हा तुमचा आग्रह असेल तर मी तुमच्या बाजूने आहे. शाखा मात्र तिला निवडू द्या.

वही परत करा. लाल शाईबद्दल काय बोलायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, पण ही कथा तिला विचारून पाठवली नसेल, तर तेही सांगून टाका. तिच्या कथेबद्दलचे वरचे तीन परिच्छेद तिला वाचायला द्या, तिला काही विचारायचं असेल तर तिनेच लिहावं, मधे तुम्ही नको. आणि क्लासची फी अजून भरली नसेल, तर भरू नका.