वय ४०, परभणीत राहतो. एप्रिलमध्ये हळू पळलो तरी ठोके १६० वर जातात. वेग कमी करू की दुर्लक्ष करू?

वेग कमी करा, आणि तरीही ठोके उतरले नाहीत तर सरळ दोन मिनिटं चाला. उन्हात शरीर गार ठेवायला रक्त कातडीकडे वळतं, घामाने रक्तातलं पाणी घटतं. दर ठोक्याला कमी रक्त पुढे जातं, म्हणून हृदय जास्त वेळा धडधडतं. जानेवारीतल्या वेगाचा हट्ट एप्रिलमध्ये धरलात तर ते हलकं पळणं राहत नाही. तुमची मर्यादा काढायची तर २२० वजा वय म्हणजे १८०, हे मिनिटाला जास्तीत जास्त ठोके. सकाळी अंथरुणातले ठोके ६५ धरले तर फरक ११५. त्याचे ६० ते ७० टक्के अधिक ६५, म्हणजे साधारण १३४ ते १४५. दम कमावायचा तर बरंचसं पळणं याच पट्ट्यात हवं. (भरतीची पोरं रोज १६०० मीटर जीव तोडून पळतात, त्यांचं अनुकरण नको.) पहाटे साडेपाचला निघा, रस्ता तापलेला नसतो.

मात्र २२० वजा वय हा अंदाज आहे, १०-१२ ठोक्यांचा फरक सहज पडतो. मनगटावरचं घड्याळ सैल असेल तर पावलांचा तालही ठोके म्हणून मोजतं. आकडा १६०-१७० वर चिकटून बसला तर थांबून मानेची नाडी १५ सेकंद मोजा, चारने गुणा. बीपीसाठी बीटा ब्लॉकर (ठोके मंदावणारी) गोळी चालू असेल तर हा हिशोब लागू नाही, डॉक्टरांना विचारा.