वाचकांचे प्रश्न : ओरेगॉनची वाट, बैलगाड्या आणि १६० एकर

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत पश्चिमेकडे वस्तीला निघालेले लोक बैलगाडीनेच का गेले? घोडे नव्हते का? (एक विद्यार्थी, बार्शी)

घोडे होते, पण या वाटेवर ते टिकत नसत. मिसूरीतल्या इंडिपेन्डन्सपासून ओरेगॉनच्या विलामेट खोऱ्यापर्यंत साधारण ३,२०० किलोमीटर. ओढकामाच्या घोड्याला दाणा लागतो, आणि तो गाडीत भरला की माणसांच्या पिठाला जागा उरत नाही. बैल माळाच्या गवतावर भागवतो आणि खेचरापेक्षा बराच स्वस्त पडतो. चाल मात्र तासाला तीन किलोमीटर, दिवसाला फार तर पंचवीस. गाडीला चार ते सहा बैल. गाडीवान आत बसत नसे, बैलांच्या डाव्या अंगाने चालायचा.

भाराचा हिशोब करून पाहा. १८४५च्या एका मार्गदर्शिकेत माणशी ९० किलो पीठ, ६८ किलो खारवलेलं डुकराचं मांस, ९ किलो साखर, साडेचार किलो कॉफी आणि तेवढंच मीठ सांगितलं आहे. चार मोठ्या माणसांचं हेच ७०० किलो झालं. गाडीत एक टनाच्या फार वर घालण्यात अर्थ नव्हता, म्हणजे अवजारं, तंबू, अंथरूण-पांघरूण उरलेल्या जागेत. कपाटं आणि लोखंडी शेगड्या वाटेच्या कडेला टाकून दिल्या जात, त्या याच कारणाने.

निघायची वेळ गवत ठरवायचं. एप्रिलअखेर ते मे. त्याआधी चारा उगवलेला नसे. उशीर झाला तर पुढच्या तांड्यांनी तो खाऊन टाकलेला असे आणि शेवटच्या डोंगरात बर्फ गाठे. ४ जुलैच्या आत वायोमिंगमधल्या इंडिपेन्डन्स रॉकला पोचायचं, असा ठोकताळा होता. कॅलिफोर्नियाला निघालेल्या डॉनर मंडळींनी १८४६ मध्ये न तपासलेला 'जवळचा' रस्ता धरला, त्यात आठवडे घालवले आणि सिएरा नेवाडा डोंगरात बर्फात अडकले. ८७ जणांपैकी जवळपास निम्मे दगावले.

वाटेत गाडी मोडली तर? (एक शेतकरी, माढा)

सगळ्यात जास्त त्रास चाकाचा. पूर्वेकडच्या दमट हवेत बनवलेलं चाक कोरड्या पठारावर आलं की लाकूड आकसतं, आरे खिळखिळे होतात आणि लोखंडी धाव सुटून येते. पहिला उपाय, मुक्कामाला चाकं काढून रात्रभर नदीच्या पाण्यात ठेवायची. लाकूड फुगतं, पण हा उपाय दोन-चार दिवसांपुरताच. दुसरा, धाव आणि लाकूड यांच्यामध्ये पाचरी ठोकायच्या. फारच सैल झालं तर धाव उतरवून लाकडी घेरावर पातळ पट्टी मारायची, धाव आगीत तापवून चढवायची आणि लगेच पाणी ओतायचं. शेवटची रीत आपल्या लोहारांना सांगायला नको.

वंगणासाठी डांबर आणि चरबी भरलेली बादली मागच्या आखाला टांगलेली असे. बैलाचे खूर झिजले तर प्रत्येक खुराला दोन पत्र्या लागत. बैल तीन पायांवर उभा राहत नाही, म्हणून त्याला पाडून पत्र्या मारायच्या. पत्र्या संपल्या की रानरेड्याच्या कातड्याचे मोजे.

बहुतेक लोक स्थानिक जमातींच्या हल्ल्यांत मारले गेले ना? (एक वाचक, पंढरपूर)

नाही. सर्वाधिक बळी रोगांनी घेतले. १८४९ ते १८५२ मध्ये प्लॅट नदीकाठच्या मुक्कामांवर पटकीची साथ होती. घाण पाणी हेच कारण. त्याखालोखाल नदी उतरताना बुडणं, चुकून सुटलेली बंदूक, चाकाखाली आलेली मुलं. स्थानिक जमातींचे लोक बऱ्याचदा नदी उतरवून देत, अन्न विकत, वाट दाखवत.

१६० एकर फुकट मिळूनही लोक जमीन सोडून का गेले? आमच्याकडे पाच एकरांवर घर चालतं. (एक वाचक, मंगळवेढा)

ही सरकारी जमीन देणाऱ्या २० मे १८६२च्या होमस्टेड कायद्यात अटी होत्या : पाच वर्षं राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची, आणि एकूण १८ डॉलर शुल्क. जमीन मूळ रहिवाशांकडून करार आणि सैन्याच्या जोरावर काढून घेतलेली, हेही विसरू नये.

खरी अडचण पावसाची. १०० अंश पश्चिम रेखांशाच्या आसपास वार्षिक पाऊस ५०० मिलिमीटरवर येतो आणि पश्चिमेकडे आणखी घटतो. आकडा सोलापूरच्या जवळचाच, पण तुमच्याकडची खोल काळी जमीन सप्टेंबरचा पाऊस धरून ठेवते आणि त्या ओलीवर शाळू येतो. तिकडचे लोक ओल्या पूर्वेकडची मका-गव्हाची पद्धत घेऊन आले. दोन बऱ्या वर्षांनी भरवसा बसायचा, तिसरं कोरडं जायचं. इमारती लाकूड नाही, म्हणून घरं मातीच्या ढेकळांची. विहिरी खोल, पवनचक्की परवडायची नाही. भूगर्भशास्त्रज्ञ जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८७८ मध्येच सुचवलं होतं की इथे चराईसाठी २,५६० एकर द्या, ओलिताखाली असेल तर ८० पुरेत. माझ्या मते त्या काळातला हा सर्वांत शहाणा सरकारी अहवाल. संसदेने मात्र तो मनावर घेतला नाही.

तिकडच्या राज्यांच्या सीमा इतक्या सरळ कशा? (एक स्पर्धा परीक्षार्थी, सोलापूर)

कारण रेघा आधी आखल्या गेल्या, वस्ती नंतर आली. १८०३ मध्ये लुईझियाना (आजचं राज्य नव्हे, मिसिसिपी नदीच्या पश्चिमेचा मोठा प्रदेश) फ्रान्सकडून दीड कोटी डॉलरना घेतलं. १८४६ मध्ये ब्रिटनशी ४९ अक्षांशाची सीमा ठरली. १८४८ मध्ये मेक्सिकोकडून कॅलिफोर्नियासह मोठा भाग आला. जमिनीची मोजणी १७८५च्या नियमाने : सहा मैल बाजूच्या चौरसाची टाउनशिप, तिचे ३६ भाग, प्रत्येक ६४० एकरांचा. साखळी ६६ फुटांची. आपला गुंठा ३३ फूट बाजूचा चौरस, म्हणजे बाजू साखळीच्या निम्मी.

१७८७च्या कायद्याप्रमाणे ५,००० प्रौढ स्वतंत्र पुरुष झाले की प्रदेशाला (अजून राज्य न झालेल्या भागाला) विधिमंडळ, ६०,००० स्वतंत्र रहिवासी झाले की राज्याचा दर्जा मागता येई. सोन्यामुळे कॅलिफोर्निया प्रदेशाची पायरी ओलांडून १८५० मध्ये थेट राज्य झालं. युटाला बहुपत्नीत्वाच्या वादापायी १८९६ पर्यंत थांबावं लागलं.