मानवशास्त्र की मानववंशशास्त्र?

सोलापूरच्या एका पालकांनी विचारलंय: मुलगी बारावी सायन्स झाली. तिला जीवशास्त्र आवडतं आणि लोकांच्या चालीरीतींचंही कुतूहल आहे. कुणी मानवशास्त्र घे म्हणतं, कुणी मानववंशशास्त्र, तर कुणी मानव्यविद्या. हे सगळं एकच का?

पहिली दोन नावं एकाच विषयाची, म्हणजे अँथ्रपॉलॉजीची. माणसाचं शरीर आणि त्याचा समाज या दोन्ही बाजूंचा अभ्यास त्यात येतो. मानव्यविद्या वेगळी. तिच्यात भाषा, साहित्य, तत्त्वज्ञान येतं, जीवशास्त्र नाही.

दोनांपैकी मी आग्रहाने मानवशास्त्र म्हणतो. 'वंश' म्हटलं की कवट्या मोजून माणसांची प्रतवारी लावण्याचा काळ आठवतो. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी बर्लिनमध्ये कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या फरकावरच प्रबंध लिहिला, आणि त्या फरकाचा वंशाशी संबंध त्यांना आढळला नाही. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी शरीराची मापंही घेतली आणि भारतभरच्या नातेसंबंधांचाही अभ्यास केला. पंढरीच्या वारीत त्या स्वतः चालल्या. एवढा मोठा पसारा 'वंशा'त मावत नाही.

दोन्ही बाजू एकत्र कशा येतात ते आपल्याच घरात बघा. आपल्या भागात अनेक घरांत सून सासूला आत्या आणि सासऱ्याला मामा म्हणते. मामाची मुलगी करायची रीत असली की मुलीची सख्खी आत्याच तिची सासू होते, आणि मुलाचा मामा त्याचा सासरा. सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांतही ही सोयरीक जुनी. लेक ओळखीच्या घरात पडते, दोन घरांचं येणं-जाणं टिकतं. ही झाली सामाजिक बाजू. जैविक बाजू अशी: सख्ख्या आते-मामे भावंडांची सरासरी एक-अष्टमांश जनुकं सामाईक असतात. त्यांच्या मुलात एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याची शक्यता 1/16, म्हणून काही आनुवंशिक आजारांचा धोका वाढतो. नुसता डॉक्टर धोका सांगेल, नुसता समाजशास्त्रज्ञ रीत सांगेल. धोका माहीत असूनही रीत का टिकते, हे विचारायला दोन्ही यावं लागतं. मला या विषयाचं सगळ्यात मोठं आकर्षण हेच वाटतं.

पुरातत्त्व आणि भाषेचा अभ्यास या त्याच्या आणखी दोन शाखा. त्यामुळे पदवी कुठे कलेची मिळते, कुठे विज्ञानाची. बारावी सायन्स झाल्याने काही अडत नाही.

शोधताना एवढं करा: पुणे विद्यापीठात 'मानवशास्त्र विभाग' असं बघा. हिंदीत याच विषयाला मानवविज्ञान किंवा नृविज्ञान म्हणतात. मुलीला पुढे यूपीएससीला हा वैकल्पिक विषय घ्यायचा झाला, तर हिंदी पुस्तकांवर तिला 'नृविज्ञान' दिसेल.