दरड पावसाने आली की जेसीबीने?

पोलादपूर तालुक्यातील एका वाडीत वडिलोपार्जित घर असलेले आणि नोकरीनिमित्त डोंबिवलीत राहणारे एक वाचक लिहितात की, 2024 च्या जुलैअखेरीस घरामागची दरड कोसळून स्वयंपाकघर आणि मागची पडवी गाडली गेली. घराचा ‘भारत गृह रक्षा’ विमा चालू होता, तरीही कंपनीने 11 नोव्हेंबर 2024 च्या पत्राने दावा फेटाळला. खबर सतरा दिवस उशिरा दिल्यामुळे हे झाले का आणि आता काही करता येईल का, असा त्यांचा प्रश्न आहे. 22 जुलै 2021 रोजी तळिये, केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथे दरडी कोसळल्या, त्यानंतर महाड-पोलादपूर-खेड पट्ट्यातून अशी पत्रे मला दर पावसाळ्यानंतर येतात. बहुतेकांत मजकूरही असाच असतो, म्हणून हे उत्तर जाहीरपणे देत आहे.

तुमच्या चार पानी पत्राची तीन पाने उशिराच्या खुलाशाने भरली आहेत. घाटरस्ता बंद होता, वाडीत रेंज नव्हती आणि एजंट फोन उचलत नव्हता, हे सर्व खरे असेल; परंतु कंपनीच्या पत्रात उशिराबद्दल एक शब्दही नाही. दावा नाकारताना जे कारण दिले नाही, ते कंपनीला नंतर न्यायालयात नव्याने उभे करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये गलाडा पॉवर आणि 2019 मध्ये सौराष्ट्र केमिकल्स या प्रकरणांत स्पष्ट केले आहे. तेव्हा सतरा दिवसांचा विषय तक्रारीत दोन ओळींत संपवा. घरपट्टीच्या नमुना 8 वर अजून आजोबांचे नाव आहे, या तुमच्या दुसऱ्या चिंतेलाही तूर्त तेच उत्तर लागू आहे. वारसनोंदीचे काम मात्र त्या निमित्ताने मार्गी लावा, कारण रक्कम मंजूर झाली तर ती देताना कंपनी तो कागद मागू शकते.

तुमचे सगळे प्रकरण कंपनीच्या पत्राच्या दुसऱ्या परिच्छेदावर उभे आहे. तो तुम्ही मला झेरॉक्समध्ये अर्धा कापून पाठवला आहे, म्हणजे बहुधा नीट वाचलेला नाही. भारत गृह रक्षा ही 1 एप्रिल 2021 पासून लागू झालेली प्रमाणित पॉलिसी असून तिचा मूळ मसुदा विमा नियामकाने ठरवून दिला आहे. त्यामुळे ‘कंपनीने बारीक अक्षरात अट लपवली’ या तक्रारीला फारसे वजन मिळणार नाही. या पॉलिसीत घराखालची जमीन खचणे, भूस्खलन आणि दगड कोसळणे यांपासून संरक्षण दिले आहे. त्यालाच लागून अपवादही आहेत: नवीन बांधकामाचे नेहमीचे बसणे, भराव टाकलेल्या जमिनीची हालचाल, समुद्र वा नदीमुळे होणारी धूप, सदोष रचना किंवा साहित्य, आणि पाडकाम, बांधकाम, दुरुस्ती, जमिनीवरील कामे किंवा उत्खनन यांमुळे झालेले नुकसान. कंपनीने यातील शेवटचा शब्द, उत्खनन, पकडला आहे.

आणि तो शब्द तिच्या हाती तुम्हीच दिला. मे 2024 मध्ये संडास-बाथरूम बांधण्यासाठी तुम्ही घरामागचा उतार जेसीबीने कापून घेतला. तुमच्या सांगण्यानुसार तो काप सुमारे सहा मीटर लांब आणि दोन मीटर उंच होता. पावसाळ्याच्या तोंडावर सह्याद्रीच्या उताराचा पायथा कापून तो संरक्षक भिंतीशिवाय उघडा ठेवणे हा शहाणपणा नव्हता, एवढेच म्हणून पुढे जातो. त्याहून वाईट गोष्ट क्लेम फॉर्ममध्ये आहे. नुकसानीच्या कारणाच्या रकान्यात तुम्ही स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे: ‘मागे जेसीबीचे काम केले होते, त्यामुळे माती सैल होऊन दरड आली असावी.’ एजंटने ‘काहीतरी कारण लिहा’ म्हटले म्हणून लिहिले, असा तुमचा खुलासा आहे. तुम्ही भूवैज्ञानिक नाही. दरड कशामुळे आली हे ठरवण्याचे ज्ञान तुमच्यापाशी नव्हते आणि ते ठरवण्याची जबाबदारीही तुमची नव्हती. ‘मुसळधार पावसात डोंगराची दरड घरावर आली’ एवढे डोळ्यांनी पाहिलेले लिहिले असते, तर कदाचित हे पत्र लिहावेच लागले नसते.

तरीही हे वाक्य म्हणजे प्रकरणाचा शेवट नव्हे. कबुली हा महत्त्वाचा पुरावा असला तरी निर्णायक नसतो आणि तो चुकीचा असल्याचे दाखवता येते. शिवाय अपवादाचे कलम लागू होते हे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर असतो; ईश्वरदास मदनलाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये हेच सांगितले आहे. ‘घराजवळ उत्खनन झाले होते’ एवढे दाखवून कंपनीचे भागत नाही, नुकसान ‘उत्खननामुळे’ झाले हे तिने दाखवले पाहिजे. तुम्ही पाठवलेल्या सर्व्हेअरच्या, म्हणजे नुकसानीची पाहणी करणाऱ्या माणसाच्या, अहवालात त्या दृष्टीने काय आहे? दोन छायाचित्रे आहेत. एकात तांबड्या मातीच्या कापावर जेसीबीच्या बकेटच्या दातांचे ओरखडे दिसतात. दुसऱ्यात चुलीच्या खोलीची पडलेली भिंत आहे, आणि मागे एक फणसाचे झाड मुळांसकट खाली सरकून तसेच उभे राहिलेले आहे. त्या झाडाबद्दल अहवालात अवाक्षर नाही, आणि मला सर्वांत बोलके तेच वाटते. हे झाड कापाच्या कडेला नव्हते, पुष्कळ वर होते, असे तुम्ही म्हणता. दरडीचा वरचा तुटलेला कडा कापापासून साठ-सत्तर मीटर उंचावर जंगलात आहे, आणि शेजारच्या ज्या घरामागे कुदळसुद्धा चालली नव्हती, त्या घराची मागची भिंतही त्याच रात्री गेली. हे खरे असेल, तर दोन मीटरच्या कापाने साठ मीटर वरचा डोंगर खाली ओढला, हे कंपनीला सिद्ध करावे लागेल. शेजाऱ्यांचा उल्लेख मात्र तुम्ही पत्राच्या अखेरीस ताजा कलम म्हणून केला आहे!

मूळ कारण कोणते, या मुद्द्यावर तुमच्या बाजूचा एक महत्त्वाचा निकाल गोव्यातील झुआरी इंडस्ट्रीजच्या कारखान्याचा आहे. तेथे विजेच्या स्विचबोर्डात आग लागली, वीजपुरवठा तुटला, पाणी थांबले आणि शेवटी बॉयलरचे नुकसान झाले. सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये म्हटले की, साखळीतील शेवटचे कारण कोणते हे महत्त्वाचे नसून प्रभावी आणि सक्रिय कारण कोणते हे पाहायचे असते, आणि येथे ते आग हेच होते. त्याच न्यायाने तुमचे म्हणणे असे राहील की प्रभावी कारण अतिवृष्टी होते आणि काप त्या वाटेत होता इतकेच. पण येथे मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. पाऊस आणि काप ही दोन्ही कारणे सारख्याच जोराची होती, असा निष्कर्ष निघाला आणि त्यांपैकी एक पॉलिसीने स्पष्टपणे वगळलेले असेल, तर विमा कायद्याचे जुने तत्त्व अपवादाच्या बाजूने झुकते. माळीणच्या दुर्घटनेनंतरही 2014 मध्ये यंत्राने केलेले सपाटीकरण की पाऊस, यावर बरीच चर्चा झाली होती. हा प्रश्न वकिलाच्या युक्तिवादाने सुटत नाही, तो उतारावर जाऊन पाहणाऱ्या माणसाच्या अहवालाने सुटतो.

म्हणून पहिला खर्च माझ्यासारख्यावर करू नका, भूवैज्ञानिकावर करा, आणि तोही या पावसाळ्यापूर्वी. दरडीनंतर एक पावसाळा होऊन गेला आहे आणि दुसरा दारात उभा आहे. तुटलेला कडा, भेगा आणि तो काप यांचे जे काही उरले आहे, ते जूननंतर तसे राहणार नाही. नवीन संडासासाठी तो काप साफ करण्याचा तुमचा बेत मोजमाप आणि छायाचित्रे होईपर्यंत थांबवा. त्याचबरोबर तहसील कार्यालयातून तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रमाणित प्रत आणि तुमच्या महसूल मंडळाची त्या आठवड्याची पर्जन्यमानाची नोंद मिळवा. 24 तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की महसूल खाते त्या मंडळात अतिवृष्टी मानते. पंचनाम्यात ‘अतिवृष्टीमुळे दरड कोसळून’ असे शब्द असतील, तर क्लेम फॉर्ममधल्या तुमच्या वाक्याला ते उत्तर आहे, कारण तो कागद कोणताही वाद नसताना सरकारी कर्मचाऱ्याने जागेवर लिहिलेला आहे. प्रत देण्यात टाळाटाळ झाली तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने किंवा भूजल सर्वेक्षण यंत्रणेने वाडीची पाहणी केली असेल, तर तो अहवालही त्याच मार्गाने मागवा. शेजाऱ्यांचे प्रतिज्ञापत्र तर उद्याच करून घ्या.

आता दाद कोठे मागायची ते पाहू. विमा लोकपालाकडे वकील लागत नाही, शुल्क नाही आणि निर्णय तुलनेने लवकर होतो. पण तेथे जाण्यापूर्वी कंपनीकडे लेखी निवेदन द्यावे लागते, आणि ते फेटाळल्यापासून एका वर्षात लोकपालाकडे पोहोचावे लागते. तुम्ही निवेदन म्हणून काय केले? एजंटच्या व्हॉट्सअ‍ॅपवर ‘सर, काही झाले का’ असे सात वेळा विचारले. आता नव्याने निवेदन देऊन तेथून वर्ष मोजता येईल, असे म्हणायला जागा आहे, पण लोकपाल ते मान्य करतील याची खात्री मी देणार नाही. शिवाय भूवैज्ञानिकाच्या साक्षीची उलटतपासणी लागेल अशा वादासाठी ती जागा मला फारशी योग्य वाटत नाही.

ग्राहक आयोगात मुदत दोन वर्षांची आहे. नकाराचे पत्र 11 नोव्हेंबर 2024 चे आहे, म्हणजे तुमच्यापाशी साधारण सहा महिने उरले आहेत. पत्र आठवडाभर उशिरा हाती आले, असे तुम्ही लिहिता; तो आठवडा विसरा आणि पत्रावरचीच तारीख धरा. मधल्या काळात पाठवलेल्या स्मरणपत्रांनी मुदत वाढत नाही. पुरेसे कारण असल्यास विलंब माफ होऊ शकतो, पण ‘एजंट बघतो म्हणाला’ हे पुरेसे कारण मानले जाईल असे मला वाटत नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदाराला राहत्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, त्यामुळे अलिबागला खेटे घालण्याची गरज नाही, ठाणे जिल्हा आयोग चालेल. तक्रारीचे शुल्क दिलेल्या मोबदल्यावर ठरते; मोबदला म्हणजे येथे तुम्ही भरलेला हप्ता, आणि तो 5 लाखांच्या आत असल्याने शुल्कही नाही.

तक्रार तीन महिन्यांत निकाली काढावी, असे कायदा म्हणतो. कंपनीला उत्तरासाठी 30 दिवस आणि फार तर आणखी 15 दिवस मिळतात, त्यापुढे एक दिवसही नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020 मध्ये हिली प्रकरणात ठरवले. प्रत्यक्षात सदस्यांची पदे रिकामी असतात, तारखा पडतात, आणि ते तीन महिने दोन-तीन वर्षे चालतात. म्हणूनच सारा पुरावा तक्रारीसोबतच जोडा, पुढे कधीतरी देऊ म्हणून ठेवू नका. पावसाचे पाणी आणि चिखल ओढ्यातून घरात शिरला असेल, तर पूर आणि जलमय होणे हा वेगळा धोका पॉलिसीत आहे आणि त्याला उत्खननाचा हा अपवाद जोडलेला नाही. तो मुद्दा पर्यायी म्हणून मांडावा की नाही, हे भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेवर अवलंबून आहे आणि तुमच्या छायाचित्रांत ती मला स्पष्ट दिसली नाही. रकमेचा हिशेब आज करण्यात अर्थ नाही. विमा रक्कम कमी ठेवली म्हणून भरपाई त्या प्रमाणात कापण्याची पद्धत या पॉलिसीतील घराला लागू नाही, एवढे ध्यानात असू द्या.

आणि तक्रारीच्या मसुद्यात जेसीबीचे काम लपवू नका. ते कंपनीच्या कागदांत छायाचित्रासह आहे. कापाची लांबी, उंची, घरापासूनचे अंतर आणि दरडीच्या वरच्या कड्यापासूनचे अंतर तुम्हीच मोजून पहिल्या पानावर लिहा.